विसावा पाय

टोर्निओत जूनमध्ये रात्र येतच नाही,
म्हणून क्योस्ती साडेअकराला आला तरी
मला त्याला अवेळी म्हणता आलं नाही.
काखेत ड्रम मशीन, टॉवेलात गुंडाळलेलं,
दुसऱ्या हातात कॉफीचा डबा,
डब्यात चांदीचा कागद, कागदात एक चिप.
"ही बसव. पण आधीची काढू नकोस."

एका म्यानात दोन तलवारी.
बसतात. मी बसवते.

या जुन्या चिपांच्या पाठीवर
काचेची इवली खिडकी असते, तिच्यावर चिकटपट्टी.
पट्टी निघाली की ऊन आत शिरतं
आणि चिप हळूहळू विसरत जाते.
इथलं ऊन तर मावळायचं नावच घेत नाही.
मी पडदा ओढला. पट्टीचा एक कोपरा उचललेला,
वर निळ्या बॉलपेननं: राउनो, ८६.

कोण राउनो, हे विचारावं लागलं नाही.
तळ्याकाठच्या लाकडी नाचघरांतून
सतरा उन्हाळे हा अकॉर्डियनवर, तो ड्रमवर.
मग मालकांना दोघांचे पैसे जड झाले
आणि हप्त्यावर हे यंत्र आलं.
राउनो भांडला नाही.
ओउलूच्या कुठल्याशा पोराकडे जाऊन
त्यानं आपला एकेक ठोका चिपवर भरून घेतला,
आणून दिला: "माझ्या जागी वाजणारच आहे,
तर निदान माझं वाजू दे."
क्योस्तीनं ती लावली एक शनिवार. एकच.
"बघवेना," म्हणाला. मग सुधारलं, "ऐकवेना."

कामाचं सांगते.
अठ्ठावीस पाय खालचीला, अठ्ठावीस वरचीला.
एकीच्या पाठीवर दुसरी, पायाला पाय,
कथलाचा थेंब, वास, पुढचा पाय.
विसावा तेवढा जोडायचा नाही.
तो दोघींचाही चिमट्यानं बाहेर वाकवायचा,
बोलायचं कुणी ते तोच ठरवतो.
तिथून तार, तारेला स्विच,
आणि तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा रेझिस्टर,
गप्प बसवलेलीनं खरंच गप्प बसावं म्हणून.
वीज दोघींना तीच. प्रश्नही तेच,
सेकंदाला हजारोंनी, दोघींच्या कानावर.
उत्तर एकीनं द्यायचं.

असे संसार पाहिलेत मी. असो.

पहाटे दोनला, म्हणजे उजेडातच, लावून पाहिलं.
इकडे कारखान्याचा स्नेअर, धुतलेल्या बशीसारखा.
तिकडे राउनो: दमट चामडं, काठाला लागलेली काठी,
झांजेच्या शेपटाला खर,
तेवढं उन्हानं खाल्लेलं.
क्योस्तीनं हुंपा लावला, मग टँगो, मग पुन्हा हुंपा.
"हा तो नाही," म्हणाला.

"आवाज त्याचाच आहे."

"आवाज त्याचा. पण वेळेवर येतोय."

खरं होतं. चिपमध्ये ठोका असतो,
ठोक्याची वेळ नसते. ती यंत्राच्या हातात,
आणि यंत्र समेवर येतं ते नेमकं.
राउनो यायचा केसभर मागून.
सतरा उन्हाळे क्योस्ती त्यावरून डाफरत राहिला.
"आता पुलापलीकडे असतो, हापारांडात," म्हणाला,
"स्वीडनात. घड्याळच एक तास मागं.
सापडलं एकदाचं त्याला त्याचं गाव."
आणि हसला. मला हसू आलं नाही.

दोन घरांचे स्विच संपले होते,
मी लावला होता तो तीन घरांचा.
मधल्या घरात दोघींनाही विसावा.
कुणी बोलत नाही, दिवे मात्र पळतात,
एक ते सोळा, एक ते सोळा.
"सोमवारी बदलून देते," मी म्हटलं.

त्यानं दांडी मधोमध आणून ठेवली.
दिवे पळत होते.
त्याचा बूट माझ्या लाकडी जमिनीवर पडला,
केसभर उशिरा.
परत पडला. उशिराच.

"नको बदलूस."

चाळीस युरो दिले, वर कागदात बांधलेला धुरी दिलेला मासा.
गाडी पुलाकडे वळली की पेट्रोलपंपाकडे,
बर्चच्या झाडांआडून दिसलं नाही.
इथं तीन वाजत आले होते.
टॉवेल अजून माझ्याकडेच आहे.